इंटर्नचा निश्चय वॉर्डात का टिकत नाही?

लेक्चर झालं, पोस्टर लागले, इंटर्न डॉक्टरांनी हात स्वच्छ ठेवायची शपथ घेतली आणि पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे, असं का होतं, हे तुम्ही विचारलंय. मुलांची इच्छा खरीच असते हो. पण ‘मी हात स्वच्छ ठेवीन’ यात कधी आणि कुठे हेच नाही. सकाळी तीस पेशंटचं ब्लड कलेक्शन उरकायचं असताना ते आठवणार कशावरून?

म्हणून प्रत्येकाकडून रबसाठी (हातांना चोळायचं अल्कोहोल सॅनिटायझर) एकच वाक्य लिहून घ्या: ‘ग्लोव्ह्जच्या डब्याकडे हात गेला, की आधी रब.’ पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ‘जर-तर’ योजना ती हीच. कारणही सांगा: अस्वच्छ हात डब्यात गेला की खालचे ग्लोव्ह्जही खराब होतात.

मग रबची बाटली डब्याला खेटूनच ठेवा. चार पावलं लांबच्या बेसिनजवळ ठेवलीत तर घाईत कुणी जाणार नाही. रिकामी बाटली भरायची जबाबदारी एकाच्याच नावावर हवी. ती रिकामी राहिली की बसत आलेली सवय मोडू शकते.

रब किती घ्यायचं हे करून दाखवा. एका तळहाताचा खळगा भरेल इतकं, आणि चोळायचं २० ते ३० सेकंद. दहा सेकंदांत हात कोरडे झाले तर घेतलंच कमी. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. उलट ओल्या हातांवर ग्लोव्ह्ज चढत नाहीत, म्हणून मुलं रबच टाळतात. वाळू द्या म्हणावं. हात दिसायला मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचा (जुलाब करणाऱ्या जिवाणूचा) पेशंट असेल तर रब पुरत नाही. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवायचे.

राउंडला युनिट हेडने पहिल्या बेडवर रब घेतलं नाही, तर मागचं कुणीही घेणार नाही. हे आधी त्यांच्याशी बोला.

सवय किती दिवसांत लागते? लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात मधला आकडा (मीडियन) ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. इंटर्नची पोस्टिंग बहुतेकदा त्याआधीच बदलते, आणि मेडिसिनच्या वॉर्डातली आठवण करून देणारी खूण लेबर रूममध्ये नसते. त्यामुळे नव्या पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी वाक्य नव्याने लिहून घ्या, तिथल्या कामाला बांधून: ‘पीव्हीची (योनिमार्गातून तपासणीची) तयारी सुरू केली, की आधी रब.’

आठवड्यातून दहा मिनिटं निरीक्षण करा आणि चुकलं तर तिथेच, हळू आवाजात सांगा. मार्क देऊ नका. पेशंटला हात लावण्याआधीचं आणि नंतरचं वेगळं मोजा. नंतर हात बहुतेक जण स्वच्छ करतात, स्वतःला काही लागू नये म्हणून. एकत्र बेरजेत आधीचं चुकलेलं झाकलं जातं.