जेसीबी लावण्याआधी

सांगली

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि साताऱ्याजवळच्या 3 एकरांत प्लॉट पाडायच्या लेआउटचा नकाशा मिळाला. रस्ते, गटारे आणि पाण्याची लाइन यांचा अंदाजखर्च प्लॉटच्या भावात बसत नाही, म्हणून खडीचा थर पातळ करावा का आणि पाइप हलक्या प्रतीचे घ्यावेत का, असे तू विचारले आहेस. यांपैकी काहीही करू नकोस. तुझा खर्च रस्त्यांच्या लांबीने आणि चरांच्या खोलीने वाढला आहे, आणि या दोन्ही गोष्टी नकाशा मंजुरीला जाईपर्यंत तुझ्या हातात आहेत.

आधी खोलीचे पाहू. तू मुख्य रस्ता सरळ आखलास, पण त्याच्या उत्तरेकडच्या 60 मीटरमध्ये जमीन चढत जाते आणि ड्रेनेजची लाइन मात्र उतरत न्यायची आहे. जमिनीचा चढ 40 मीटरला 1 मीटर आणि पाइपचा उतार 100 मीटरला 1 मीटर धरला, तर 0.9 मीटरवर सुरू झालेली लाइन या टप्प्याच्या टोकाला 3 मीटर खोल जाते. साताऱ्याच्या उतारावर वरचा मुरूम हाताने निघतो, पण त्याखाली काळा पाषाण लागला की ब्रेकर लावावा लागतो आणि खोदाईचा दर एकदम बदलतो. म्हणून रस्ता कंटूरला, म्हणजे जमिनीच्या समान उंचीच्या रेषेला, किंचित तिरका ने, म्हणजे पाइपला हवा तेवढाच उतार जमिनीकडूनच मिळेल आणि चर सर्वत्र कंबरेइतकाच राहील. त्याआधी जमिनीत पाच-सहा ठिकाणी 2 मीटर खोल चाचणी खड्डे घे. जेसीबीचे हे एका सकाळचे काम आहे. प्रत्येक खड्ड्यात मुरूम किती फुटांवर संपतो ते टेपने मोजून नकाशावर लिही. हे आकडे हाती नसताना काढलेल्या टेंडरमध्ये कठीण खडकाचे परिमाण ठेकेदार ठरवतो आणि बिल आपण भरतो.

आता लांबी. तुझे प्लॉट गुंठ्याचे, 33 फूट बाय 33 फूट आहेत. तेच रस्त्याकडे 27 फूट रुंद आणि 40 फूट खोल केले, तर क्षेत्र जवळपास तेवढेच राहते. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून 60 प्लॉट बसवताना लागणारा 990 फुटांचा रस्ता 810 फुटांवर येतो. रस्त्याबरोबर गटार, पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज आणि दिव्यांचे खांबही त्याच प्रमाणात कमी होतात. नियमावलीतील किमान रुंदी पाहूनच हे कर, आणि खालच्या बाजूचा 40 फूट खोल प्लॉट मागे सुमारे फूटभर खाली जातो हे विसरू नकोस. तिथल्या घरांचे सांडपाणी रस्त्यातल्या लाइनीत वाहील एवढी तिची खोली ठेवावी लागेल. ओढ्याच्या कडेने जाणारा तुझा रस्ता तर काढूनच टाक, कारण त्याच्या एकाच बाजूला प्लॉट असल्याने प्रत्येक फुटाचा खर्च निम्म्याच प्लॉटवर पडतो. त्याऐवजी सक्तीची 10 टक्के मोकळी जागा ओढ्याचे अंतर सोडून त्याच्या शेजारी ठेव, म्हणजे पावसाचे पाणी आपल्या वाटेने जाईल आणि बंदिस्त काँक्रीटच्या गटारांचे काम थोडक्यात भागेल.

पाण्याची टाकी सर्वांत वरच्या कोपऱ्यात घे. कासचे पाणी साताऱ्यात उताराने येते, हे तू लहानपणापासून पाहत आला आहेस. तीच सोय तुझ्या जमिनीत आहे आणि टाकीचा उंच मनोरा त्यामुळे टळतो. रस्त्याखालून आडवे जाणारे पाइप खडीकरणाआधीच टाकून ठेव.

माल हलका का घेऊ नये, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. सांगलीत मी पहिले लेआउट केले ते काळ्या मातीत, आणि तिथे मुरुमाचा थर निम्मा करून पैसे वाचवले. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याच्या कडा खचल्या आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे रस्त्यापेक्षा चार बोटे वर राहिली. रस्ता उकरून पुन्हा करताना वाचवलेल्या पैशांहून जास्त पैसे गेले, आणि प्लॉट घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी मला काहीही न बोलता ती झाकणे दाखवली, ते मला अजून बोचते. 2016 च्या रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यानुसार आता ताबा दिल्यापासून 5 वर्षांत कामाच्या दर्जातील दोष निघाला, तर तो विकासकाला विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो.

स्वस्त मिळते म्हणून नदीकाठची जमीन पाहत असल्याचे तू शेवटी लिहिले आहेस. पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नकोस. इथे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते, आणि अशा जमिनीत भराव घालण्याचा खर्च जमिनीच्या सवलतीला पुरून उरतो.

येत्या पावसात एकदा छत्री घेऊन साताऱ्याच्या जमिनीवर जा, पाणी कुठून शिरते आणि कुठे साचते तिथे खुंट्या मार, आणि खड्ड्यांच्या मापांसह नवा नकाशा घेऊन सांगलीला ये. चेंबरच्या पातळ्या आपण बसून काढू.

तुझा हितचिंतक