सीटची कड बसली आहे, आत हीटर आहे, काय करावं?

प्रश्न : आमच्याकडे दिल्लीहून आणलेली जुनी सेडान आहे. सीट लेदरच्या आणि गरम होणाऱ्या. मी शाळेसाठी रोज सोलापूरहून बार्शीला गाडी चालवत जाते. ड्रायव्हर सीटची उजवी कड पार बसली आहे, आतली सळई मांडीला टोचते. एक कुशनवाले म्हणाले, ‘सगळा फोम काढून नवा भरू, हीटरच्या वायरी कापून टाकू. सोलापुरात हीटर कशाला पाहिजे?’ त्यांचं ऐकावं का?
– एक शिक्षिका, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : ताई, हीटरबद्दल ते अगदीच चुकीचं बोलले नाहीत. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी गाडी पार्क चौकात तासभर उभी करा, बटण न दाबता सीट भाजते. हीटर लावावा अशी थंडी फार तर गड्ड्याच्या जत्रेत पहाटे पडते. पण म्हणून वायर कापायची? मुळीच नाही. कापलेलं टोक आत तसंच राहतं, काही गाड्यांत डॅशबोर्डवर फॉल्ट दिसायला लागतो आणि उद्या गाडी विकताना भाव पडतो तो वेगळाच. नको असेल तर सीट हीटरचा फ्यूज काढून ठेवा, विषय संपला.

आता फोम. कंपनीचा फोम साच्यात ओतून केलेला असतो. कुठे उंचवटा, कुठे खाच, कव्हर ओढून बांधायची तार कुठून जाणार, सगळं त्या साच्यात ठरलेलं. तो आकार सुरीने कापून कुणालाही जसाच्या तसा जमत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मधला फोम शाबूत असेल तर त्याला हात लावू नका, फक्त कड बदला. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडून चढतो-उतरतो, दर वेळी सगळं वजन त्या कडेवर घासत जातं. त्यामुळे आधी तीच मरते.

मधला फोम शाबूत आहे की नाही, ते घरीच बघता येतं. सीटच्या मध्यावर तळहात दाबून सोडा. लगेच वर आला तर जीव आहे. मग सीटखाली टॉर्च मारा. कार्पेटवर पिवळसर भुगा पडला असेल तर फोम आतून सुटतोय. उष्णता आणि ओल यांनी जुना पॉलियुरेथेन फोम असाच सुटतो. त्यावर तुकडा चिकटत नाही, कारण सोल्युशन भुग्यालाच धरतं आणि भुग्यासकट सुटून येतं. मग मात्र पूर्ण गादी बदलावी लागते. तेव्हाही आधी त्याच मॉडेलची, चांगल्या अवस्थेतली जुनी गादी मिळते का ते पाहा.

कडेच्या कामात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. हीटरची चटई, म्हणजे तापणाऱ्या बारीक धाग्यांची पातळ चादर, बहुतेक गाड्यांत फक्त मधल्या सपाट भागात असते, कडेला नसते. कारागिराने चटईला न उचकटता नुसती कड उघडी केली तर हीटरचा प्रश्नच येत नाही. मात्र काही गाड्यांत कडही गरम होते, म्हणून कव्हर पूर्ण काढण्याआधी एक कोपरा सोडवून आत बघायला सांगा. चटई फोमला चिकटवलेली असेल तर ती सोलून काढायची नाही. फोम खालच्या बाजूने कोरायचा, भर खालून द्यायची, वरचा थर चटईसकट तसाच ठेवायचा. चटईची घडी पडली की आतले बारीक धागे तुटतात. उरलेल्या धाग्यांवर भार येतो, तेवढाच भाग जास्त तापतो आणि एक दिवस लेदरवर तपकिरी डाग उमटतो. त्याच कारणाने चटईतून सुई, स्टेपल काही जाता कामा नये. काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर कनेक्टर काढून मल्टीमीटर लावायला सांगा. चटई चांगली असेल तर थोडेच ओहम दाखवते, तुटलेली असेल तर काहीच दाखवत नाही. हे तुमच्यासमोर व्हायला हवं.

चटईच्या वर जाड फोम घालून ‘मऊ करून देतो’ म्हणणारेही भेटतील. त्याने ऊब वर येत नाही. तापमान मोजणारा सेन्सर खाली चटईजवळच असतो, त्याला वाटतं सीट तापली, तो हीटर बंद करतो. तुम्ही मात्र गारच.

फोम घेताना ‘चांगला टाका’ म्हणू नका, डेन्सिटी विचारा. सोफ्याचा २८-३२ डेन्सिटीचा फोम कडेला घातला की थोड्याच दिवसांत पुन्हा सळई लागणार. ५० च्या आसपासचा, दाबून सोडल्यावर उसळणारा घ्या. तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम तळाशी आधाराला चालेल, वर नको, दगडासारखा लागतो. नव्या तुकड्याच्या कडा तिरप्या कापून जुन्यात मिसळल्या पाहिजेत, नाहीतर लेदरवरून जोड दिसतो. सोल्युशन पातळ, फवाऱ्याने. ब्रशने थापलेलं वाळून कडक होतं आणि बसल्यावर कुरकुरतं. आणि भर जास्त नको. ठासून भरलेली कड पहिल्या दिवशी देखणी दिसते, मग शिवण उसवते.

कव्हर परत चढवताना आपलं ऊन कामाला येतं. आकसलेलं लेदर जरा वेळ उन्हात ठेवलं की नरम पडून ओढलं जातं. उन्हात विसरायचं मात्र नाही. कव्हर तारेला अडकवणाऱ्या जुन्या रिंगा पक्कडने ओढू नयेत, कापून काढाव्यात. ओढल्या की तारेबरोबर फोमचा लचकाही येतो.

सगळ्यात महत्त्वाचं : सीटच्या पाठीच्या बाहेरच्या बाजूला ‘एअरबॅग’ची पट्टी शिवलेली आहे का बघा. असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू देऊ नका. सीट बाहेर असताना कुणी चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला फॉल्ट वाचणारा स्कॅनर लागतो. पाठीची एअरबॅगवरची शिवण साध्या दोऱ्याने पुन्हा घालायची नाही. ती ठरावीक जोराने फाटावी अशीच केलेली असते.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा वरून जाड सीट कव्हर चढवलं तर?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : सळई झाकेल, टोचायची थांबणार नाही. हीटर लावायचा असेल तर जाड कव्हर नकोच. आणि सीटमध्ये एअरबॅग असेल तर बाजू बंद करणारं कोणतंही कव्हर घालू नका, दुकानदार काहीही म्हणो.