गुलमर्ग की औली? पहिल्या खेपेला एकच

भाऊ, स्कीइंग शिकायला सात दिवसांत गुलमर्ग आणि औली दोन्ही? नको रे. एक काश्मिरात, दुसरं उत्तराखंडात. मधले दिवस प्रवासातच जातील. भुसावळहून तिथवर जातानाच अंग आंबतं, ते वेगळं.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस पडण्या-उठण्यातच जातात. जरा वळता यायला लागलं, की नेमकं तेव्हाच बिऱ्हाड हलवायचं?

गुलमर्गला शिकायला खालचे हलके उतार आहेत, वर कोंगडोरीच्या टप्प्यापर्यंत गोंडोला (रोपवे) आहे. त्याही वरचं, अफरवट डोंगरावरचं गोंडोलाचं स्थानक सुमारे ३,९५० मीटरवर. तिकडे यंदा फक्त बघायला जा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- जीन्स नेतात. बर्फात भिजली की पार लाकूड होते.
- बूट सैल घेतात. टाच उचलली गेली की स्की वळतच नाही.
- प्रशिक्षकाचे पैसे वाचवतात. (मीही वाचवले होते. गुडघा अजून बोलतो.)