अंब्रेला घागऱ्याची कंबर का वाढते?

प्रश्न: कंबर २८ इंच, लांबी ३६. दोन अर्धवर्तुळं कापून अंब्रेला घागरा शिवला. बाजूच्या टिपांसाठी २ इंच धरून ३० चा सहावा भाग, म्हणजे ५ इंचांवर कंबर कापली. तरी साडेबत्तीस भरली. वरच्या वर कंबर आत घेतली, तं खाली फुगून राहिली. चुकलं कुठं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: दोन चुका एकावर एक बसल्या. सहाने भागणं तोंडी हिशोबाला सोपं, पण पूर्ण वर्तुळाला ६.२८ ने भागावं लागतं. ३० ला भागलं की ४.७८, म्हणजे पावणेपाच. त्रिज्या वाढते त्याच्या सव्वासहा पट कंबर वाढते, त्यामुळे पाव इंचाने दीड इंच घालवला. दुसरी चूक मोठी: पावणेपाच ही शिलाईची रेघ आहे, कात्रीची नव्हे. पट्टा जोडताना अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं कापड) आत जाते, शिलाई खाली सरकते आणि कंबर ३ इंचांनी मोठी होते. कात्री सव्वाचारवरच चालवा. त्याआधी चार पदरी घडीवर शिलाईच्या रेघेवरून टेप उभा धरून मोजा. साडेसात भरायला हवं. कापल्याबरोबर त्या रेघेवर एक टीप मारून ठेवा, नाहीतर तिरप्या धाग्यावर कंबर ताणून आणखी वाढते.

शिवलेला घागरा वाया गेला नाही. जास्तीचे साडेचार इंच दोन टिपांत वाटा. प्रत्येक टिपेच्या दोन्ही पदरांवर कंबरेपाशी १⅛ इंच आणि घेरापाशी साडेआठ इंच आत खूण करून सरळ रेघ मारा. शिलाईपाशी त्रिज्या साडेपाच, घेरापाशी साडेएक्केचाळीस, म्हणजे साडेसात पट; म्हणून खालीही तेवढ्याच पटीने घ्यायचं. तुम्ही फक्त वर घेतलं, फुगा त्याचाच. घेर सुमारे ३४ इंचांनी कमी होईल, पण २६० इंचांत ते कळतही नाही.

प्रश्न: याला कापड किती? ३६ पन्ह्यात बसेल?

उत्तर: ४४ पन्ह्याचं सव्वाचार मीटर. सुती असेल तर आधी धुऊन घ्या. ३६ पन्ह्यात बिनजोड लांबी पावणेएकतीसच मिळते.

खालची दुमड पाव-पाव इंचाचीच ठेवा. एक इंच दुमडलं तर गोल कडेचं साडेबारा इंच कापड फाजील होऊन चुण्या पडतात. दुमडण्याआधी घागरा रात्रभर टांगा. तिरप्या धाग्याचा भाग लोंबतो, तो सकाळी जमिनीपासून पट्टीने मोजून कापा.