वाचकांचे प्रश्न : जीवशास्त्रात मेजर ठरवताना

प्रश्न : मी मुंबईतील एका महाविद्यालयात प्रथम वर्ष बी.एस्सी.ला आहे. नीटमध्ये मनासारखे गुण मिळाले नाहीत म्हणून इकडे आले. पुढच्या महिन्यात मेजर, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा पसंतीक्रम भरून द्यायचा आहे. मला प्राणिशास्त्र आवडते. पण त्याला स्कोप नाही, सूक्ष्मजीवशास्त्र घे, असे घरचे म्हणतात. मायनर (जोडीचा दुय्यम विषय) कोणता घ्यावा आणि मेजर नंतर बदलता येतो का, हेही कृपया सांगावे.
– एक विद्यार्थिनी, बदलापूर

उत्तर : ‘स्कोप’ या शब्दाने आपल्याकडे जितके प्रवेश ठरवले, तितके गुणांनीही ठरवले नसतील. तुमच्या घरच्यांची काळजी रास्त आहे, मात्र एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. पदव्युत्तर शिक्षणानंतर संशोधनाची शिष्यवृत्ती किंवा प्राध्यापकाची पात्रता मिळवण्यासाठी जी सीएसआयआर-नेट परीक्षा द्यावी लागते, तिच्यात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान यांच्या वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका नसतात. या सगळ्यांसाठी जीवविज्ञानाची एकच प्रश्नपत्रिका असते. म्हणजे आज फॉर्मवर ज्या दोन रकान्यांपुढे तुम्ही अडखळला आहात, ते रस्ते पुढे बऱ्याच अंशी एकाच चौकात येऊन मिळतात.

मग निवड कशावरून करायची? माझे मत असे, की व्याख्यानांवरून नव्हे तर प्रात्यक्षिकांवरून करावी, कारण नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटसाठी (अभ्यास मोजण्याच्या एककासाठी) किमान 30 तास धरलेले असतात, तर व्याख्यानाच्या एका क्रेडिटसाठी 15. त्यामुळे पुढची दोन वर्षे तुमचा बराचसा वेळ बाकावर नव्हे, प्रयोगशाळेच्या ओट्यापाशी उभे राहण्यात जाणार आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) 121 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटे चालवायचा, बर्नरच्या ज्योतीजवळ हात न थरथरू देता अगारच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या) प्लेटवर जिवाणूंच्या रेघा ओढायच्या आणि ती प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवून घरी जायचे. जिवाणूंच्या वसाहती तपासायच्या दुसऱ्या दिवशी. हा ‘दुसरा दिवस’ बदलापूरहून येणाऱ्या मुलीने आधीच हिशेबात धरावा, कारण रेल्वेचा खोळंबा झाला म्हणून जिवाणू वाढायचे थांबत नाहीत. प्राणिशास्त्राची तऱ्हा निराळी आहे. तिथे एखाद्या रविवारी पहाटे हाजी अलीच्या खडकांवर जायचे ते ओहोटीच्या वेळेनुसार, आणि ती वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. खडकाच्या खाचेतला समुद्रपुष्पाचा जीव हात लागताच अंग कसे मिटून घेतो हे वाकून पाहायचे, आणि परतल्यावर जर्नलमध्ये छायांकन न करता, पेन्सिलच्या एकसंध रेषेने त्याची आकृती काढायची. यांपैकी कोणते काम कंटाळा न येता शंभर वेळा करता येईल, हे तुमचे तुम्हालाच ठाऊक. ठाऊक नसेल तर दोन्ही विभागांच्या प्रयोगशाळा परिचरांशी एकदा बोला. द्वितीय वर्षाची मुले तिथे नेमके काय करत असतात, ते माहितीपत्रकापेक्षा त्यांच्याकडून अधिक खरे कळते.

मायनरविषयी मात्र मी आग्रहाने सांगेन : महाविद्यालयाने पर्याय दिला असेल, तर रसायनशास्त्र सोडू नका. शरीरक्रियाशास्त्र, जनुकशास्त्र, प्रतिकारशास्त्र यांपैकी काहीही शिकायला घेतले, तरी शेवटी रेणूंपाशीच यावे लागते. जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.कडे वळायचे मनात आले, तर हा पाया थेट उपयोगी पडेल. आणि एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत जीवशास्त्राबरोबर रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणितही विचारतात. ‘सोपा जातो’ एवढ्याच कारणाने मायनर निवडलेली मुले तिसऱ्या वर्षी हळहळताना मी पुष्कळ पाहिली आहेत.

मेजर बदलण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पहिल्या वर्षाच्या अखेरीस, त्याच व्यापक विद्याशाखेच्या आत दिलेली आहे; म्हणजे तुमच्यासाठी ती वेळ हीच आहे. प्रयोगशाळेत जितक्या मुलांची सोय होते तितक्याच जागा विभाग भरू शकतो, त्यामुळे मागणी जास्त असल्यास पहिल्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते. तेव्हा फॉर्मवर एकच विषय लिहून बाकीचे रकाने कोरे ठेवू नका, आणि दुसऱ्या पसंतीला असाच विषय लिहा, जो मिळाला तर तुम्ही खरोखरच घ्याल.

प्रश्न : आमच्या वेळी प्रथम वर्षाला तीन विषय असत आणि टी.वाय.ला सहा युनिट प्राणिशास्त्र किंवा तीन-तीन युनिटचे दोन विषय घेता येत. मुलाच्या गुणपत्रिकेवर आता ओई, व्हीएससी, एईसी अशी अक्षरे दिसतात. यात त्याचा मूळ विषय किती उरला? आणि चौथे वर्ष करावे का?
– एक पालक, मुलुंड

उत्तर : विषय उरला आहे, फक्त तो आता तिसऱ्या वर्षात दाटीवाटीने न येता सहाही सत्रांत पसरला आहे. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 क्रेडिट लागतात. त्यांपैकी 60 मेजरची आणि 24 मायनरची. उरलेल्या 36 मध्ये ती सगळी अक्षरे येतात : अन्य शाखेचा खुला विषय (ओई), भाषा (एईसी), कौशल्य (व्हीएससी), मूल्यशिक्षण, इंटर्नशिप. महाराष्ट्रात दर सत्राला 20 ते 22 क्रेडिटची रचना असल्याने आपल्याकडे ही बेरीज 132 पर्यंत जाते. तुमच्या काळातले सहा युनिटवाले विद्यार्थी शेवटच्या वर्षी एका विषयात अधिक खोल जात, हे मान्यच आहे. पण ‘दोन वर्षे नुसती उरकायची आणि टी.वाय.ला अभ्यास करायचा’ ही खोडही त्याच पद्धतीने लावली होती. तुम्ही मेणाच्या ट्रेमध्ये झुरळाला टाचण्या लावल्या असतील, ते आता नाही. आयोगाने 2014 मध्ये प्राण्यांचे विच्छेदन बंद केले आणि त्याची जागा प्रतिकृती व संगणकीय साधनांनी घेतली.

चौथ्या वर्षाचे उत्तर मुलाच्या कलावर अवलंबून आहे. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी एकूण 160 क्रेडिट लागतात. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत आणि चौथ्या वर्षी 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांनंतरची एम.एस्सी. एका वर्षाची असते आणि तीन वर्षांनंतरची दोन वर्षांची, म्हणजे एकूण वर्षे दोन्हीकडे पाचच. त्यामुळे ज्याला संशोधनाची ओढ आहे आणि ज्याच्या महाविद्यालयात प्रकल्पाला वेळ देणारे मार्गदर्शक आहेत, त्याने चौथे वर्ष जरूर करावे. मार्गदर्शक नावापुरतेच असतील, तर तीन वर्षांनी पदवी घेऊन चांगल्या विभागात दोन वर्षांची एम.एस्सी. करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : मी चौथ्या सत्रात आहे. मेजरमध्ये चांगले गुण आहेत, पण पहिल्या वर्षातील खुल्या विषयाची दोन क्रेडिट एटीकेटीत राहिली आहेत. मेजरचा एक जादा पेपर घेऊन ती भरून निघतील का?
– एक विद्यार्थी, दादर

उत्तर : नाही. प्रत्येक गटाची क्रेडिट त्या त्या गटातच मिळवावी लागतात. एकूण बेरीज 120 च्या वर गेली, तरी खुल्या विषयाचा रकाना दोनने अपुरा असेल तर पदवी अडते. तो पेपर येत्या एटीकेटी परीक्षेत सोडवा आणि फॉर्मची शेवटची तारीख सूचनाफलकावर स्वतः पाहा, मित्राच्या भरवशावर राहू नका. निकालानंतर ती दोन क्रेडिट तुमच्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या) खात्यात जमा झाली का, हे डिजिलॉकरमधून तपासा. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसल्यामुळे क्रेडिट अडकून राहिल्याची तक्रार घेऊन मुले निकालानंतर कार्यालयात येतात. ती दुरुस्ती आताच लेखी अर्जाने करून घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका.