पहिली रात्र

भायखळा, मुंबई

प्रिय मुली,
सलाम.

यंदा चर्चच्या माथेरानच्या शिबिराला मुलं न्यायचं काम पाळकसाहेबांनी तुझ्यावर सोपवलं, बरं केलं. तुझी यादी पाहिली. टॉर्च, टोपी, पाठांतराची वचनं, सगळं आहे. फक्त रात्रीचा विचार दिसला नाही.

आपली पोरं लोकलच्या खडखडाटात, आईला चिकटून झोपणारी. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाड्या जात नाहीत. तिथला मिट्ट काळोख त्यांच्या ओळखीचा नाही. दिवसभर माकडांमागे धावलेला पोरगा रात्री नऊला म्हणतो, "टीचर, पोटात दुखतंय." बहुतेक वेळा त्याला घर आठवत असतं. ते ओळख, पण चारचौघांत बोलू नकोस.

म्हणून आधीच्या दोन रविवारी बायबलच्या १ शमुवेल पुस्तकातले अध्याय २ आणि ३ घे. शमुवेलाची गोष्ट आपण नेहमी "बोल, तुझा दास ऐकत आहे" यासाठी सांगतो. तू आधी हे सांग, की हा मुलगाही आईपासून लांब, मंदिरात निजायचा. देवाची हाक ऐकून तीनदा उठला, एली याजक बोलावतोय समजून तीनदा त्याच्याकडे धावला, आणि म्हातारा एकदाही खेकसला नाही. शिवाय त्याची आई दरवर्षी लहानसा झगा करून न्यायची. झगा तोकडा झाला तर काय, असं कुणीतरी विचारेलच. विचारू दे, त्यातूनच मुलं आपापल्या आईबद्दल बोलायला लागतात.

आईवडिलांनाही बोलाव. एखादी रात्र मुलाला मावशीकडे झोपायला पाठवा म्हणावं. "नाही करमलं तर लगेच न्यायला येते" असं वचन मात्र कुणी देऊ नये. मग मूल शिबिरात रमतच नाही, नुसती वाट बघतं. त्यापेक्षा "रडू आलं तर टीचरला सांग" पुरे. आईची जुनी ओढणी बॅगेत असली तर असू दे.

शेवटच्या संध्याकाळी समर्पणाची हाक दिली, म्हणजे "येशूला आपलं जीवन कोण देतो?" असं विचारलं, की भराभर हात वर होतात. आठ वर्षांची असताना मीही केला होता, शेजारणीने केला म्हणून! तेव्हा हात मोजू नकोस आणि परतल्यावर मंडळीत आकडा तर सांगूच नकोस. शमुवेलालासुद्धा ती हाक कुणाची हे कळायला चौथी खेप लागली, तीही एलीने समजावल्यावर.

आणि हो, तुझी गादी दाराजवळ घाल. रात्री उठलेल्या पोराला तू पटकन सापडायला हवीस.

तुझी जुनी टीचर