टोडस्टूल मिटलंय, झेनिया विरघळलंय: कोणतं औषध घालू?

तुम्ही लिहिलंय की खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं तुमचं टोडस्टूल लेदर कोरल (छत्रीसारखं मऊ कोरल) बारा दिवस मिटून आहे, त्याच्या बुंध्याशी काळपट डाग दिसतोय, आणि शेजारचं झेनिया, तेही मऊ कोरलच, दोन दिवसांत विरघळून गेलं. मग विचारलंय, कोणतं औषध घालू? मुख्य टँकमध्ये कोणतंच घालू नका. माशांसाठीचं तांब्याचं औषध तर हातातसुद्धा घेऊ नका. तांब्याने परजीवी मरतात तशीच कोरलं, कोळंब्या आणि गोगलगायीही मरतात. शिवाय ते खडकात आणि वाळूत मुरून बसतं.

नुसतं मिटलेलं असतं तर मी म्हटलं असतं, थांबा. सार्कोफायटन (म्हणजे तुमचं टोडस्टूल), सिन्युलारिया, लोबोफायटम ही सगळी लेदर मंडळी अधूनमधून कात टाकतात. पॉलिप, म्हणजे वरची बारीक फुलासारखी तोंडं, आत ओढले जातात, वरचा भाग मेणचट दिसायला लागतो, मग एक पातळ साय सुटते आणि तिच्याबरोबर वर साचलेलं शेवाळ निघून जातं. याला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. नवीन माणूस नेमका याच काळात घाबरून कोरल इकडून तिकडे हलवतो आणि त्याचे हाल करतो.

तुमच्याकडचा काळपट डाग मात्र मला आवडलेला नाही. तो आजच जवळून बघा. पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) बंद करा, मोठ्या ड्रॉपरने टँकचंच पाणी डागावर हळू सोडा. साय पापुद्र्यासारखी उचलली गेली आणि खाली घट्ट, एकसारख्या रंगाचं अंग दिसलं तर ती कात आहे, तिला जाऊ द्या. पण मांसाचे कण ढगासारखे उडाले, खाली खळगा दिसला, आणि ड्रॉपरमधल्या पाण्याला सडका वास आला, तर ती सड आहे. बुंधा खडकाला घट्ट टेकलेला असतो, तिथे पाणी फिरत नाही आणि कचरा साचतो, तिथूनच ती बहुतेक वेळा सुरू होते. सड आपोआप थांबेल म्हणून वाट बघू नका, ती वर चढत जाते. कापावंच लागतं.

कापणं टँकच्या बाहेर करा. दोन भांड्यांत टँकचं पाणी घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, कोरं ब्लेड घ्या. त्याच खडकावर झोआ (बटणांसारखी छोटी कोरलं) असतील तर ही काळजी दुप्पट घ्या. काही झोआंमध्ये, आणि विशेषतः त्यांच्या पॅलिथोआ भाऊबंदांमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. असा खडक घासायचा नाही, आणि उकळायचा तर कधीच नाही, वाफेतूनही माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

बुंधा डागाच्या वर, निरोगी भागात साधारण एक सेंटीमीटर आत शिरून एका दमात आडवा कापा. ब्लेडखाली बारीक रेती चिरल्यासारखी करकर लागेल. ते त्याच्या अंगातले चुन्याचे कण आहेत, दचकू नका. काप आतून फिकट आणि घट्ट दिसला पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका किंवा मऊ रेघ दिसली तर आणखी वर कापा, इथे जीव थोडा करू नका. मग तुकडा दुसऱ्या भांड्यात हलवून त्याचा चिकट स्राव धुऊन टाका. आयोडीनचं कोरल डिप (कोरल बुडवून काढायचं द्रावण) असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ बुडवा. भांड्यातलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका. ओल्या लेदरला गोंद धरत नाही, म्हणून तुकडा छोट्या डबीत खडीवर ठेवून वर जाळीचं कापड सैलसर बांधा. मध्यम प्रवाह, जरा कमी उजेड. एक-दोन आठवड्यांत तो खडीला धरतो.

आता झेनियाचं. दोन वेगळी कोरलं एकाच आठवड्यात बिघडली, म्हणजे माझा पहिला संशय पाण्यावर. सगळ्यात आधी खारटपणा मोजा. माझ्या पहिल्या टँकमध्ये काट्याचं हायड्रोमीटर (खारटपणा पाण्याच्या घनतेवरून दाखवणारं साधन) रोज १.०२५ दाखवायचं आणि मी निर्धास्त होते. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटून तो वर उचलला जात होता. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं साधन) आणला तेव्हा खरा आकडा १.०२० निघाला, तोवर माझं झेनिया गेलं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. रिफ्रॅक्टोमीटरही ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवून घ्या. आकडा चुकलेला निघाला तर एका दिवसात सरळ करू नका, काही दिवसांत हळूहळू आणा.

मग तापमान, २४ ते २७ अंश. मग अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), आणि इथे आकड्यापेक्षा तो रोज किती हलतो ते बघा. नायट्रेट-फॉस्फेट शून्य येत असतील तर त्याचा आनंद मानू नका. मऊ कोरलं अगदी निर्मळ पाण्यात उपाशी राहतात. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास ठेवते.

झेनियाचे उरलेले लिबलिबीत तुकडे आजच नळीने ओढून काढा, ते कुजले की अमोनिया वाढतो. ताजा कार्बन (पाण्यातली रसायनं शोषून घेणारा कोळसा) धुऊन फिल्टरमध्ये लावा. दुखावलेलं लेदर पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतं, शेजाऱ्यांना त्यांचा त्रास होतो, आणि कापल्यानंतर तर ती जास्तच सुटतात. तीन-चार दिवसांनी कार्बन बदला. आठवडाभर एक दिवसाआड १५ टक्के पाणी बदला, नवीन पाण्याचा खारटपणा आणि तापमान जुळवूनच.

आणि खडकावर उरलेला बुंधा लगेच फेकू नका. खडकावर झोआ नसतील, त्याची सड नीट खरवडून काढता आली आणि खाली घट्ट, फिकट अंग उरलं, तर खडक प्रवाहात ठेवा. काही आठवड्यांनी अशा ठुंठाला कडेने नवीन टोपी फुटलेली मी पाहिली आहे, नखाएवढी, वर चार-पाच पॉलिप बाहेर आलेले.